पांढरी पडलेली मारियामाता

"माझी मारियामाता कुणीतरी बदलली," सिसिलिया रुमाव खुर्चीत टेकता टेकताच म्हणाल्या.

उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये अंजनीताईंची खासगी तपासाची कचेरी होती. श्यामकांत त्यांचा मदतनीस. कष्टाला पुढे, डोकं मात्र जरा सावकाश चालायचं. त्याने घाईघाईने पाण्याचा पेला पुढे केला.

रुमावबाई निवृत्त शिक्षिका. त्यांची मूर्ती वीतभर उंच, हस्तिदंताची. आई आणि कडेवर येशूबाळ. शेकडो वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये कोरलेली. एका म्हाताऱ्या फादरांनी ती त्यांच्या वडिलांना दिली होती.

"साजूक तुपासारखी पिवळसर होती हो! दिवाळीत मुलाकडे कॅनडाला गेले, मेअखेर परतले. कपाट उघडलं, तर चेहरा पांढराफटक. मी हातसुद्धा लावला नाही. घराची किल्ली कामवाल्या मायाकडे होती. आणि मुलासाठी नक्कल करून घेतली, तेव्हाचा साचा त्या मूर्तीवाल्या मुकेशकडे आहे. दोघांचं संगनमत. उद्या पोलिसांत जाते."

मुकेशचा कारखाना कॅम्प दोनमध्ये. फळीवर प्लास्टिकच्या मूर्ती वाळत होत्या.

"चोर समजता काय, मॅडम?" तो भडकला. "मी कॉपी बनवतो आणि कॉपी बोलूनच विकतो. बघा, आगे-पीछे एकच कलर. जरा फरक दिसला तर गिऱ्हाईक तोंडावर फेकतं."

श्यामकांतने दोन-चार मूर्ती फिरवून पाहिल्या. खरंच होतं.

अंबरनाथला रुमावबाईंच्या घरी माया रडवेली उभी होती. कैक वर्षं ती तिथे कामाला होती.

"मूर्ती कपाटातच होती ना?" अंजनीताईंनी विचारलं.

"नाही ताई. कपाटाला कुबट वास सुटला होता. लेकुरवाळीला अंधारात कशाला कोंडायचं? बाई गेल्या तशी खिडकीत ठेवली, रस्त्याकडं तोंड करून. तेवढीच तिला माणसं दिसली. बाई यायच्या म्हणून परत आत ठेवली. तिच्या गळ्यातल्या जपमाळेला मात्र हात लावला नाही. आम्ही बुद्धाला मानणारी माणसं, तुमच्या देवाचं काय चुकलं-बिकलं तर?"

"बघा! बाहेर काढलीच होती!" रुमावबाई कडाडल्या.

अंजनीताईंनी मूर्ती आडवी धरून पाहिली. बुडाला जाळीसारख्या बारीक रेघा होत्या. पाठ पिवळसर होती.

"सापडलं, ताई!" श्यामकांत ओरडला. "पाठीला रंग द्यायचा विसरला लेकाचा!"

"कोण, मुकेश? अरे, त्याचा माल आत्ताच पाहिलास ना?" ताई हसल्या. "बाई, बसा. या जाळीदार रेघा हस्तिदंताच्या. प्लास्टिकला त्या नसतात. म्हणजे ही साच्यातली नाही. राहिला रंग. हस्तिदंत अंधारात पिवळा पडतो आणि उन्हात पांढरा होतो. हिचं तोंड उन्हाकडे होतं, पाठ घराकडे."

"हस्तिदंताचीच दुसरी आणली असेल तर?" रुमावबाईंनी विचारलं.

ताईंनी जपमाळ अलगद उचलली. पांढऱ्या गळ्यावर, मणी टेकले होते तिथे, बारीक पिवळी रेघ होती.

"इथे ऊन पोचलं नाही. दुसरी आणली असती, तर तुमच्या माळेची ही खूण तिच्या अंगावर कुठून आली असती? तुमचीच आहे ही. चोरी झालेलीच नाही."

रुमावबाईंनी मूर्ती छातीशी धरली.

"माया... मी तुला पोलिसांत..."

"आता जात नाही ना? मग झालं," माया म्हणाली आणि बाईंच्या सोफ्यावर धपकन बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "पायातलं बळच गेलं माझ्या. आज चहा तुम्ही टाका."

रुमावबाईंनी मूर्ती टेबलावर ठेवली, पदराने डोळे टिपले आणि मुकाट्याने आत गेल्या.

जरा वेळाने स्वयंपाकघरातून हाक आली, "माया, साखर कुठे ठेवतेस गं?"