बास्केटखालची जागा

"तुमच्या पाठीमागे कोर्ट आहे का हो?" ती म्हणाली.

समोर येऊन बसलेला माणूस वळला. ती त्याच्यापेक्षा एक पायरी वर बसली होती, तरी त्याचं डोकं तिच्या डोक्याच्या वर जात होतं.

"आहे की. दिसत नाहीये का?"

"पाठ दिसतेय. चांगली आहे. पण मी खेळाडू बघायला आलेय."

तो हसला आणि बाजूला सरकून बसला. खाली सराव सामना चालू होता. बुटांची करकर, शिट्टी, पुन्हा करकर. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, "तुम्ही डोळ्यासमोर हात का धरलाय? आत ऊन तर नाहीये."

"चेंडू झाकतेय."

"चेंडू?"

"चेंडू हातात असला की सगळेच बरे दिसतात. तो नसतो तेव्हा कोण काय करतं, ते बघायचं. माणूस तिथे कळतो."

त्याने आपला सुपाएवढा पंजा डोळ्यासमोर धरला. "माझं तर अख्खं कोर्टच गेलं," तो म्हणाला. ती हसायला लागली आणि तिला ते आवरेना.

दोघं एकाच क्लबाची माणसं आहेत, हे बाहेर पडताना दारात ओळखपत्रं दाखवली तेव्हा कळलं. ती स्काउट. कुठे कुठे हिंडून नवे खेळाडू हेरायचे हे तिचं काम, म्हणून क्लबात तिला 'दुर्बीण' म्हणत. तो त्याच आठवड्यात रुजू झालेला सहायक कोच. खेळायचा तेव्हा बास्केटखाली पाय रोवून उभा राहायचा, म्हणून तो 'खांब'.

पुढे सामने बघायला दोघं बरोबरच जाऊ लागली. गाडी तो चालवायचा, रस्ता ती चुकवायची.

"डावीकडे म्हणालात ना?"

"म्हणाले. पण माझ्या मनात उजवीकडे होतं."

"मग पुढच्या वेळी मनातलंच ऐकतो," तो म्हणाला, आणि तिने खिडकीतून बाहेर बघण्यासारखं काहीतरी शोधलं.

एकदा सिग्नलला गाडी थांबली असताना तो समोर बघत म्हणाला, "माझी बायको गेली. दोनेक वर्षं झाली. आजारी होती." सिग्नल सुटला.  त्या दिवशी रस्ता चुकला तरी कोणी चेष्टा केली नाही.

तिला लहानाचं मोठं मावशीने केलं होतं. मावशीपासून काही लपत नसे.

"बिजवर आहे म्हणे?"

"मावशी, अजून काहीच नाहीये."

"काहीच नाही, तर कान का लाल झाले?" मावशी हातातली इस्त्री बाजूला ठेवून म्हणाली. "माणूस वाईट असं मी म्हणत नाही गं. पण बिजवराच्या घरात सगळं आपापल्या जागी असतं. भांडी, पडदे, सवयी. जागा फक्त एक रिकामी. तू त्याला तू म्हणून हवी आहेस, की जागा रिकामी आहे म्हणून? तेवढं आधी बघ."

"तुझं आपलं काहीतरीच," ती म्हणाली. पण ते बोलणं कुसळासारखं आत रुतून बसलं.

दोन दिवसांनी त्याने तिला सामन्यांची चित्रणं बघायला घरी बोलावलं. घर नीटनेटकं होतं. टेबलाला दोनच खुर्च्या, आणि त्यातल्या एकीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. त्याने घाईघाईने तो उचलला.

"बसा ना. ही रिकामीच असते."

ती बसली. खुर्ची उंच होती. त्याची बायकोही खेळाडू होती, त्याच्या खांद्याला लागायची; खुर्ची तिच्या मापाची होती. हिचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत राहिले, शाळेच्या बाकावर बसल्यासारखे. पडद्यावर कोण जिंकलं हे तिला आठवत नाही. 'रिकामीच असते' एवढंच आठवतं.

त्यात ड्राफ्ट जवळ आला. ड्राफ्ट म्हणजे नवे खेळाडू क्लबांनी वाटून घ्यायचा दिवस. आदल्या मोसमात जो तळाला, त्याने आधी निवडायचं. यांचा क्लब तळाला जाता जाता वाचलेला, त्यामुळे नंबर तिसरा. पहिले दोन कोण जाणार हे उघड होतं. तिसऱ्या नंबरला दोन मुलं उरत होती.

एक ताड. उंची अशी की दारातून वाकून यायचा. क्लबाचा बास्केटखालचा जुना खेळाडू गुडघ्यामुळे निवृत्त झाला होता, आणि ताड त्या जागेवर मापून घेतल्यासारखा बसत होता. दुसरा भिंगरी. बुटका, चपळ, दोघांमधून पाण्यासारखा निघून जाणारा. त्याच्या जागी खेळणारे क्लबात आधीच तिघं होते. पण इतका चांगला खेळाडू तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

बैठकांवर बैठका झाल्या. ती म्हणायची भिंगरी घ्या. आणि खांब प्रत्येक वेळी शांतपणे म्हणायचा, "जागा रिकामी आहे. आधी ती भरा."

त्याने हे म्हटलं की तिला ती उंच खुर्ची आठवायची. बोलणं बास्केटबॉलचंच होतं, हे तिला कळत होतं. पण माणसाचा विचार करायचा साचा एकच असतो, असंही तिला वाटायचं. रिकामी जागा दिसली, भरून टाकली.

आणि ड्राफ्टच्या आदल्या दिवशी जिन्यात तो अडखळत म्हणाला, "उद्या हे सगळं संपलं की... तुम्हाला एक विचारायचंय."

काय ते तिला माहीत होतं. उत्तर काय द्यायचं, ते मात्र माहीत नव्हतं. 'हो' जिभेवर होतं, आणि कुसळ आत.

सकाळी ती क्लबात आली तेव्हा त्याची गाडी आधीच उभी होती. मागच्या खिडकीतून लाकडाचे दोन पाय बाहेर आलेले.

"सामान हलवताय?"

"हो. म्हणजे... नंतर सांगतो," म्हणत तो जवळजवळ पळालाच. एवढा मोठा माणूस पळताना तिने कोर्टावर सोडून कुठे पाहिला नव्हता. घर बदलतोय? नोकरी सोडतोय? तिच्या हातातला चहा गार झाला.

बैठकीच्या खोलीत पडद्यावर नावं झळकत होती. पहिलं गेलं, दुसरं गेलं. आता पाच मिनिटांत यांनी नाव कळवायचं होतं. फोन मॅनेजरसाहेबांच्या हातात.

"ताड. झालं," मॅनेजरसाहेब म्हणाले. "दुर्बीणबाई, तुमचं काय?"

"भिंगरी." तिचा आवाज तिलाच बारीक वाटला.

"भिंगरी फसला तर मालक आधी दुर्बीण विकतील, हे माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

मुख्य कोचने खांबाकडे पाहिलं. "त्या जागेवर तू आयुष्य काढलंस. तू सांगशील ते शेवटचं."

तिने टेबलाची कड घट्ट धरली. 

"मी परवा परत जाऊन बघून आलो," खांब म्हणाला. "दोघांनाही. चेंडू झाकून. ताडाकडे चेंडू नसला की तो कमरेवर हात ठेवून उभा राहतो. भिंगरी थांबतच नाही. दुसऱ्याला वाट करून देतो, मागे धावतो, पडलेल्याला उठवतो. भिंगरी घ्या."

"आणि बास्केटखाली कोण? मी?" मॅनेजरसाहेब म्हणाले.

"कोणी नाही. ती जागा रिकामी ठेवू. आपला जुना माणूस तसा पुन्हा मिळायचा नाही, आणि त्याच्या जागी कोणालाही उभं केलं तरी आपण त्याला जुन्याच्याच मापाने मोजणार. त्यापेक्षा खेळ बदलू. त्या जागेचं काम पाचजणांत वाटून घेऊ. सुरुवातीला मार खाऊ, हे आत्ताच सांगतो."

कोच टेबलावर बोटं वाजवत राहिला. मॅनेजरसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. कोचने मान हलवली, आणि फोनवर भिंगरीचं नाव गेलं.

ती बाहेर आली तेव्हा भुरभुर पाऊस पडत होता. तो गाडीजवळ उभा होता, खिडकीतून आलेल्या दोन पायांवर रुमाल धरून.

"माझ्यासाठी केलंत?" तिने सरळच विचारलं.

"छे. तुमच्यासाठी करायचं असतं तर ताड घेतला असता. तुमची नोकरी तरी वाचली असती."

तिला हसू आलं, पण ते पुरतं फुटेना. "इतके दिवस 'जागा भरा, जागा भरा' म्हणत होतात. मला वाटायचं... तुम्ही माणसंही तशीच..." 

त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो ओला बॉनेट पुसायला लागला.

"बैठकीत मी बोलतो तेव्हा चेंडू माझ्या हातात असतो," तो म्हणाला. "तुम्ही तेवढंच बघितलंत. तुमचाच नियम मोडलात."

 आणि मग न बघितलेलं एकेक तिला दिसायला लागलं. त्या पहिल्या दिवसानंतर तो कधी तिच्या समोर बसला नव्हता, नेहमी एका बाजूला. बैठकीत पंख्याखालची खुर्ची तो आधीच अडवायचा, कारण तिला वाऱ्याने शिंका येत. ती पायऱ्यांवर असली की तो दोन पायऱ्या खाली उभा राहून बोलायचा, तिला मान वर करावी लागू नये म्हणून.

"आणि हे काय आहे?" तिने त्या दोन पायांकडे बोट दाखवलं. 

त्याने दार उघडून ते बाहेर ओढलं. खुर्ची होती. नवी, साधी, आणि बुटकी.

"त्या दिवशी तुमचे पाय लोंबकळत होते. मला सामना दिसेना. पायच दिसत होते." त्याने खुर्ची तिच्यासमोर ठेवली. "घरातली ती खुर्ची तिची आहे. ती तशीच राहील. ती भरायला मी कोणाला बोलावत नाहीये. ही तिसरी आहे. ही तुमच्या मापाची आहे... तुम्ही नाही म्हणालात तर दुसऱ्या कोणाला चालायचीही नाही. बघा बसून."

पार्किंगच्या मधोमध, पावसात, ती बसली. दोन्ही पाय जमिनीला टेकले. टाचांसकट.

क्लबाच्या खिडकीत मॅनेजरसाहेब येऊन उभे राहिले होते. त्यांना काय बघावं ते कळेना, म्हणून ते आत गेले.

"विचारायचं होतं ना काहीतरी?" ती म्हणाली.

"विचारलं की."

"मला ऐकू नाही आलं."

तो ओल्या जमिनीवर गुडघे मोडून बसला, तेव्हा कुठे दोघांचे डोळे एका उंचीला आले. "माझ्याशी लग्न कराल?"

"करेन," ती म्हणाली. कुसळ कधी निघालं, ते तिला कळलंही नव्हतं. "पण एक सांगते."

त्याचा चेहरा उतरला. "काय?"

"त्यांच्या खुर्चीवर कपड्यांचा ढीग नका टाकत जाऊ. बरं दिसत नाही."

 त्याने आपला सुपाएवढा पंजा तिच्या डोक्यावर धरला. तेवढ्याने तिच्यापुरता पाऊस थांबला.