चौथी वाट

पटो न पटो, हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या धाकट्या नणंदेच्या घरात. आणि अमावास्येच्या रात्री वगैरे नाही हं. लख्ख उजेडात, भर दुपारी.

नणंद शहराच्या उद्यान खात्यात. पुढच्या वीस वर्षांत कुठे बाग, कुठे मैदान, कुठे पोहायचा तलाव, याचा आराखडा करणं हे तिचं काम. तिच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे नवी बाग झाली, तेव्हा तिने आत एकही रस्ता आखू दिला नाही.

"आधी लोकांना चालू दे. जिथलं गवत झिजेल तिथेच फरशी घालायची," हा तिचा नियम.

खात्यातले सगळे तिच्यावर खार खाऊन होते. "बाईसाहेब पगार घेऊन गवत वाढताना बघतात," असं बागेचा माळी तिच्या तोंडावर म्हणायचा.

गवत झिजलं. दोन वाटा फाटकाकडे गेल्या, एक नळाकडे.

आणि चौथी... थेट सोसायटीच्या भिंतीकडे.

तिथे ना बाक, ना सावली. तरी वाट अशी रुंद, की चार माणसं शेजारी शेजारी चालावीत.

"लोकांना इकडून जायचं असणार," नणंद म्हणाली, आणि तिने भिंत फोडून फाटक बसवलं.

"घरापर्यंत रस्ता काढून घेतलात की!" खात्याच्या साहेबांनी सगळ्यांदेखत टोमणा मारला. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नियम म्हणजे नियम.

त्या फाटकातून एक माणूस आला-गेला असेल तर शपथ.

वाट मात्र आत आली.

सोसायटीचं अंगण ओलांडून, तळमजल्यावर... नणंदेच्याच दारापर्यंत.

नवरा नोकरीसाठी परगावी. घरात ती आणि सहा वर्षांची लेक, चिमणी. त्या दुपारी चिमणी अंगणात चेंडू खेळत होती. नणंद दारात उभी.

एकही पाखरू ओरडत नव्हतं.

वारा नव्हता. तरी वाटेच्या कडेचं गवत दबत होतं... एकेक पातं... घराच्या दिशेने.

चेंडू घरंगळत वाटेवर गेला.

आणि कोणीतरी रागाने लाथ घालावी तसा उलटा आला. चिमणीच्या तोंडावर. ओठ फुटला.

मग घरातली फरशी निस्तेज व्हायला लागली. दारापासून चिमणीच्या खोलीपर्यंत सरळ पट्टा. नणंदेने पुसला, घासला, पॉलिश केलं. सकाळी पुन्हा जैसे थे.

"चिमणे, बूट घालून फिरतेस का गं घरात?"

"मी नाही. ते फिरतात. मध्ये आलं की ढकलतात."

तिने बाही वर केली. दंड काळानिळा.

नणंदेने मला फोन केला. आवाज ओळखू येईना.

"वहिनी, नुसती वाट असती ना, तर मी एवढी घाबरले नसते."

"म्हणजे काय?"

"वाटेवरून माणसं पुढे निघून जातात गं. पण हिच्या पलंगाभोवती फरशी गोल झिजलीय. बसथांब्यापाशी जमीन असते ना, तशी. वहिनी... तिथे कोणीतरी वाट बघतंय."



दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून तिने फाटक बुजवलं. "फोडा, बांधा, पोरखेळ लावलाय!" साहेब बरसले. बरसू देत. पोरीपुढे नोकरी ती काय!

थोड्याच दिवसांत बागेतली चौथी वाट हिरवी झाली. कोवळं, उभं गवत.

"बघा बाईसाहेब, मोडली तुमची वाट!" माळी म्हणाला. "गेली एकदाची पीडा."

कितीतरी दिवसांनी नणंद हसली.

आणि हसता हसता थांबली.

गवत उगवलं, म्हणजे तिथून आता कोणी चालत नव्हतं. येत नव्हतं...

आणि परतही जात नव्हतं.

भिंत बांधली, तेव्हा ते सगळे अलीकडे होते. घरात.

ती धावत सुटली. झोपलेल्या चिमणीला पलंगावरून उचललं आणि नेसत्या वस्त्रानिशी आमच्याकडे आली. पायात चप्पलसुद्धा नाही. पोरीच्या दुसऱ्या दंडावरही बोटांचे वळ. ताजे.

मी दोघींना आत घेतलं आणि दार लावायला गेले.

"मामी, थांब ना," आईच्या खांद्यावरून मागे बघत चिमणी म्हणाली. "अजून येतायत."

मायलेकी अजून आमच्याकडेच आहेत. चिमणीला आम्ही मध्ये घेऊन झोपतो. आमच्या घरातल्या लाद्या जुन्या, मुळातच निस्तेज. त्यामुळे झिजतायत की नाही, कळायला मार्ग नाही.

मी आपली घरात कडेकडेने चालते.