बिनवासाचा मोगरा

ही गोष्ट खरी आहे. माझ्या आईच्या तोंडून मी ती एकदाच ऐकली, ती जायच्या आठ दिवस आधी. ज्यांना थाप वाटेल त्यांनी इथंच थांबावं. मी कुणाला पटवायला बसलेली नाही.

साल १९४६. वैशाख महिना. आमच्या भागात तेव्हा निजामाचं राज्य होतं.

लोहारा गावाबाहेर रामलिंगशेट नावाच्या व्यापाऱ्याचं एक जुनं कौलारू घर होतं. शेट स्वतः सोलापूरला राहायचे. घराला कायमचं कुलूप, पण पुढची फुलबाग मात्र त्यांना जिवंत हवी होती. मोगरा, जाई, निशिगंध, गुलाब, कडेनं अबोली. सगळं दाटीवाटीनं लावलेलं.

ती बाग सांभाळायला त्यांनी माझ्या वडिलांना, ईरण्णांना ठेवलं. मागच्या अंगाला राहायला एक खोली दिली. बरोबर माझी आई नागम्मा, आम्ही तिला अव्वा म्हणायचो. आणि तिच्या कडेवर चार महिन्यांचा माझा थोरला भाऊ, शांतलिंग.

मी तेव्हा जन्मलेही नव्हते.

अव्वाची आधीची दोन मुलं वर्षाच्या आतच गेली होती. त्यामुळं या तिसऱ्याला ती क्षणभरही नजरेआड होऊ देत नव्हती.

शेटची एकच अट होती. रोज सकाळी फुलांची एक दुरडी मठात पूजेला पोचली पाहिजे.

देवाच्या फुलाचा वास घ्यायचा नसतो, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. अव्वा तर भलतीच कडक. फुलं तोडताना नाकातोंडावर पदर बांधायची. दीड महिना ती त्या बागेत राबली, पण एकाही फुलाला तिनं नाक लावलं नाही.

म्हणूनच तिला कळलं नाही...

कळलं ते हरणाबाईमुळं. मठाची दुरडी गेल्यावर उरलेली फुलं ही बाई न्यायची आणि बाजारात गजरे करून विकायची. एका सकाळी ती गजरे तसेच परत घेऊन आली.

"नागम्मा, कसली फुलं दिलीस गं? बाया गजरा हुंगत्यात अन् परत टाकत्यात. वासच न्हाय."

"आज सकाळचीच हायती. शिळी न्हाईत."

"म्या कुठं शिळी म्हणतेय? तूच बघ की."

मठाचा वाटा आधीच गेला होता, म्हणून अव्वानं पदर सोडला. ओंजळभर मोगरा नाकाशी धरला.

काहीच नाही.

धुतलेला कापूस हुंगावा, तसं.

निशिगंध हुंगला. गुलाब हुंगला...

काहीच नाही.

"इतके दिवस बागेत दरवळ कसा नाही, हे तुला जाणवलं नाही का गं?" असं मी तिला विचारलं होतं. तर म्हणाली, "नवी जागा, तान्हं लेकरू, सगळीकडं शेणखत. मला वाटलं, माझंच नाक चोंदलंय."

तिनं वडिलांना सांगितलं. ते हसले.

"जमीन खारी आसंल. इथं लेकरू बाळसं धरतंय, अन् तू वासाचं काय घेऊन बसलीस?"

त्यांचंही खरं होतं. शांतलिंग तिथं छान गुटगुटीत झाला होता.

त्याच संध्याकाळी अव्वा मुद्दाम मोगऱ्यापाशी थांबली. अजून चांगला उजेड होता. शांतलिंग कडुलिंबाला बांधलेल्या झोळीत निजला होता. कळ्या नुकत्या उमलत होत्या. तिनं वाकून एक कळी हुंगली.

वास होता. भरपूर होता.

तिला बरं वाटलं. उगाच घाबरलो, असं मनात आलं.

आणि तेवढ्यात... वाफ्याच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी श्वास घेतला.

लांब. नाकातून. आत ओढलेला.

अव्वा कान देऊन उभी राहिली. आता सोडेल, मग सोडेल...

सोडलाच नाही.

पुन्हा श्वास. या वेळी जरा अलीकडं. वारा नव्हता. एक पान हललं नाही. वाफ्यात माणूस नव्हतं. आवाज मात्र एकेक झुडूप पुढं येत होता.

मग तो तिच्या पुढ्यातल्या झुडपापाशी आला. तिच्या हातात अजून ती कळी होती. तिनं पुन्हा हुंगून पाहिली.

वास गेला होता.

सगळं गप्प झालं. चिमणीसुद्धा बोलेना.

पुढचा श्वास आला, तो तिच्या पाठीमागून...

कडुलिंबाखालून.

अव्वा धावली. झोळी स्थिर होती. लेकरू आत होतं. अंग ऊबदार होतं, डोळे टक्क उघडे. रडत नव्हतं. तिनं त्याला उचललं आणि टाळूला नाक लावलं.

टाळूला तेल होतं. सकाळी ओव्याची धुरी दिली होती. ओठांवर दूध सुकलेलं होतं.

तरी वास नव्हता. कशाचाच.

ती किंचाळली. वडील आडावरून पळत आले. त्यांनीही लेकराला हुंगलं. खोलीत जाऊन बोचकं बांधलं, किल्ली खिडकीत ठेवली आणि बायकोला पुढं घातलं. रस्त्यावर एक बैलगाडी मिळाली. ते अव्वाच्या माहेराकडं, जळकोटला निघाले.

लोहारा मागं पडलं. आता सुटलो, असं अव्वाला वाटलं. लेकरू तिच्या खांद्यावर मान टाकून होतं.

मग तिच्या अगदी कानाशी...

लांब श्वास. आत ओढलेला.

जळकोट येईपर्यंत ती त्या श्वासाची वाट बघत होती. सुटण्याची.

हे ऐकून मी तिला म्हणाले, "अव्वा, भ्यालेल्या माणसाला काहीही ऐकू येतं."

"व्हय. आसंल तसं," ती म्हणाली. "पर त्या सांजंला झोळीतनं म्या कुणाला उचललं, ते मला आजपत्तुर ठावं न्हाय."

शांतलिंगअण्णा आता ऐंशीला टेकलेत. आयुष्यात कधी आजारी पडले नाहीत. वहिनी गेल्या, मूलबाळ नाही, म्हणून गेली सहा वर्षं ते माझ्याकडंच राहतात. स्वभावानं गरीब माणूस. लहानपणी मला खांद्यावर घेऊन शाळेत सोडणारा भाऊ.

मागच्या आठवड्यात माझी नात तिचं दोन महिन्यांचं बाळ घेऊन आली. अण्णांनी मोठ्या हौसेनं दोन्ही हात पुढं केले.

"त्याला भूक लागलीय," असं म्हणून मी बाळ आत नेलं.

अण्णा थोडा वेळ तसेच उभे होते. त्यांचे डोळे भरून आलेले मी दारातून पाहिले. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतंय.

पण बाळ मी दिलं नाही.