पडद्यामागचा बँड

“उद्यापासून हा बँड मला दिसता कामा नये!” माधवी मिसनी टेबलावर पट्टी आपटली. “सगळं गाणं बेसूर करून टाकलंय!”

“तुमच्या घंटा आधी सुरात आणा!” व्हरांड्यातून भरमूआप्पा गरजले. “लग्नात वाजवतोय म्हणून काय कान न्हाईत व्हय आमास्नी?”

बेळगावच्या त्या शाळेत नाताळच्या गाण्याची सकाळची तालीम म्हणजे रोजचं भांडण झालं होतं. गाण्याची बांधणी नववीतल्या स्वरालीची. आधी हातघंटा, मग गाणारी मुलं आणि शेवटी भरमूआप्पांच्या बँडचे ट्रंपेट! आता तो शेवटच कापला जाणार होता. स्वरालीला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग!

दुपारी बँडवाले मैदानात गेले आणि चिडून, भर उन्हात, तेच गाणं वाजवू लागले. घंटा वाजवणारा श्रेयस स्वरालीबरोबर तिथं आला आणि त्यानं सहज हातातली घंटा हलवली.

“अगं, आता जुळतंय की!”

“मग सकाळी का नाही जुळलं?” स्वरालीनं आप्पांच्या मुलाचा, ओमकारचा, ट्रंपेट हातात घेतला. “हा गरम लागतोय!”

“सकाळी बर्फ हुतोय त्याचा,” ओमकार फणकारला. “तुमी सगळी हॉलात. आमी मातूर बाहेर थंडीत! आमच्या पायानं फरशी घाण हुती म्हणं!”

“धर नळाखाली!”

“याड लागलं काय गं?”

पण त्यानं धरला. गार ट्रंपेट फुंकला, तर सूर घंटेच्या खाली! तिघं एकमेकांकडे बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी मिस यायच्या आधीच मुलांनी बँडला मागच्या दारानं स्टेजवर घेतलं. वाद्यं घोंगड्यात गुंडाळली, फुंकून फुंकून ऊबदार केली आणि पडदा ओढला.

तालीम सुरू झाली. घंटा, गाणं आणि मग पडद्यामागून ट्रंपेट! एकही सूर हलला नाही.

“वा! हा बँड कुठून आणलात?” मिस खूश झाल्या. “त्या कालच्या लोकांना जन्मात जमलं नसतं!”

श्रेयसनं पडदा सर्रकन बाजूला ओढला. समोर भरमूआप्पा!

“तेच आहेत, मिस,” स्वराली म्हणाली. “थंडीनं पितळेचा सूर उतरतो. आणि त्यांना थंडीत तुम्ही उभं केलं होतंत.”

मिसचा चेहरा पडला. “शाबास, स्वराली,” त्या कशाबशा म्हणाल्या. “बांधणी आहे तशीच राहील.”

“पोरगी लई हुशार हाय,” आप्पा म्हणाले.

मिसनी स्वतः एक खुर्ची उचलून त्यांच्यापुढे ठेवली. “बसा ना.”

“ऱ्हाऊ दे, बाई. उभं ऱ्हायाची सवय तुमीच लावलीसा न्हवं?”

आप्पांनी ट्रंपेट ओठाला लावला.