तापलेली गंजी

"ह्या गवताला भाजलेल्या साखरेचा वास येतोय!" मामेबहीण नाक वर करून म्हणाली, आणि भिंगरीच्या डोक्यात तिडीक गेली.

सुट्टीला आल्या आल्या या पाहुणीने घर काबीज केलं होतं. बाबा तिला हौसेने गाई दाखवायचे, आई तिच्या वेणीचं कौतुक करायची. आणि कुणालाही जवळ फिरकू न देणारी लाल कालवड चक्क तिचा हात चाटायची! त्या कालवडीला बाटलीने दूध पाजून वाढवलं कोणी? भिंगरीने!

"तुला काय कळतंय गवतातलं?" भिंगरी फणकारली. "नवं गवत आहे. गोडच वास येणार!"

"पण काल नव्हता येत."

"आली मोठी वास घेणारी!"

तेवढ्यात धाकटा भाऊ भोपळ्या ओरडला, "ताई, गंजीतून वाफ निघतेय! बघ ना, थंडीत आपल्या तोंडातून निघते तशी!"

शेडमध्ये गवताचे गठ्ठे छतापर्यंत रचले होते. गाईंचं हिवाळाभराचं खाणं होतं ते. भिंगरीने दोन गठ्ठ्यांच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातला आणि झटकन बाहेर ओढला. आत चांगलंच पोळत होतं!

"काय गं?" मामेबहिणीने विचारलं.

"काही नाही."

खरं सांगितलं तर बाबा म्हणणार, 'बघा, पाहुणीच्या लक्षात आलं!' भिंगरीने ओठ घट्ट मिटले. पण शेडमधल्या फळ्यांच्या भिंतीपलीकडे कालवड हंबरली. ती आणि सगळी वासरं त्या गंजीला लागूनच बांधलेली होती.

"गरम आहे," भिंगरी पुटपुटली. "खूप गरम आहे!"

तिघं धावत अंगणात गेली. तिथे बाबा आणि गठ्ठे बांधून देणारा मशीनवाला चहा पीत बसले होते.

"नवं गवत थोडी ऊब धरणारच!" मशीनवाला हसला. "पोरांना काय, खेळायला काहीतरी हवंच!"

"जा रे, मोठ्यांमध्ये लुडबुडू नका," बाबा म्हणाले.

मामेबहिणीचं तोंड एवढंसं झालं. भिंगरीला मात्र एकदम आठवलं. गंजी आतून तापलीय का, ते आजोबा पहार खुपसून बघायचे!

तिघांनी मिळून जड पहार गंजीत पार आतपर्यंत ढकलली. ती चांगली तापेपर्यंत तिघं तिथेच थांबली. मग भिंगरीने हाताला गोणपाट गुंडाळून ती ओढून काढली आणि सरळ अंगणात नेली.

"काका, ही पहार तुमची का हो? धरा जरा!"

"आण इकडे... आई गं!" पहार खणकन खाली पडली. मशीनवाला हात झटकत नाचू लागला.

बाबा चहा तसाच टाकून उठले. वासरं बाहेर काढली गेली, आगीचा बंब आला. जवानांनी एकेक गठ्ठा उघड्यावर ओढला. मधले गठ्ठे काळेठिक्कर पडले होते. एकाने तर वारा लागताच पेट घेतला! लगेच पाण्याचा फवारा बसला.

"ओढ्याकाठचं गवत ओलसर होतं," मशीनवाला मान खाली घालून म्हणाला. "पुढच्या शेतावर जायची घाई झाली होती, तसंच बांधलं, म्हणून आतून तापलं. जळलं तेवढं मी भरून देतो, नीट वाळवून!"

"पहारीची अक्कल कोणाची?" जवानांच्या प्रमुखांनी विचारलं.

"माझी!"

"शाब्बास! आणखी उशीर झाला असता तर शेड गेली असती, वासरंही गेली असती."

"माझी वाघीण!" बाबांनी तिला उचलूनच घेतलं.

बाबांच्या खांद्यावरून भिंगरीला मामेबहीण दिसली. ओठ आवळलेले, नाक लाल, नजर जमिनीवर. तो चेहरा भिंगरीच्या चांगला ओळखीचा होता, पाहुणी आल्यापासून तिचाच तसा होत होता! क्षणभर तिला भारी मजा वाटली. मग ती मजा कुठेतरी टोचायला लागली.

"वास आधी हिला आला," कडू औषध गिळावं तसं ती भरभर बोलून गेली. "मीच ऐकत नव्हते."

"असं? नाक आहे की काय आहे!" प्रमुखांनी हसत हसत मामेबहिणीचा हात हातात घेतला आणि जोरजोरात हलवला.

माझ्यापेक्षा हिचं जरा जास्तच कौतुक झालं, असं भिंगरीला वाटलं. पण तेही तिने औषधासारखं गिळून टाकलं.