कडेची नजर

सकाळचा चहा हातात घेताना महेंद्रराव बिडव्यांनी बायकोकडं सरळ पाहिलं आणि रोजच्यासारखं म्हणाले, "आज टवटवीत दिसतेस."

शीतलकाकूंच्या पोटात आठवडाभर अन्न ठरत नव्हतं. अंगाला खाज सुटली होती, आणि केस नीट विंचरून किती दिवस झाले ते त्यांनाही आठवत नव्हतं. "हो का," म्हणून त्या ओट्याकडं वळल्या. चिडायलाही अंगात जोर लागतो.

महेंद्ररावांचा दोष नव्हता, निदान सगळे तसंच म्हणायचे. चार वर्षांपूर्वी त्यांचा पीतबिंदू झिजला. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला जो पडदा असतो त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्याच्या मधोमध पीतबिंदू नावाची इवलीशी जागा असते, आणि समोरच्याचा चेहरा आपण तिच्याच जिवावर बघतो. ती गेली की कडेचं सगळं दिसतं, पण जिथं रोखून बघावं तिथंच राखाडी डाग. एसटीच्या वर्कशॉपमध्ये हयात गेलेल्या या माणसाला गाडीची चाकं दिसायची, पाटी दिसायची नाही. बायकोचे खांदे दिसायचे, चेहरा नाही.

पण तोवर मोतीबिंदू काढावा इतक्या सहजपणे 'पूरकपट' बसवायला लागले होते. मुगाच्या डाळीएवढा पापुद्रा. तो झिजलेल्या जागी चिकटवला की आजूबाजूच्या पेशी त्यात मूळ धरायच्या. पूरकपट काही बघत नाही, तो फक्त रिकामी जागा भरतो. कडेच्या नजरेला दिसणाऱ्या अंगलटीवरून आणि चालीवरून समोर कोण आहे ते ओळखतो, आणि डागाच्या जागी त्या माणसाचा शिकवून ठेवलेला चेहरा काढून देतो. बोलताना ओठ हलतात, पापण्या लवतात. बाकी चेहरा शिकवला तसाच राहतो.

हे शिकवणं ज्या दिवशी व्हायचं त्याला 'ओळख-बैठक' म्हणत. घरच्यांनी एकेक करून पेशंटसमोर बसायचं. आता समोर बसून चेहरा द्यायचा म्हटल्यावर आपली माणसं फोटोला जावं तशीच जाणार. शीतलकाकू लेकीच्या लग्नातली मोरपंखी साडी नेसून, पार्लरला जाऊन आल्या होत्या. तंत्रज्ञ म्हणाला, "काकू, जरा हसा." त्या हसल्या. त्या हसण्याला आता चार वर्षं झाली होती.

त्या दिवशी दोघं नेहमीच्या तपासणीला गेले. डॉक्टर नाझनीन मुजावर यांनी महेंद्ररावांची हनुवटी यंत्रावर टेकवून आत पाहिलं, पूरकपट छान रुजलाय म्हणाल्या, आणि हात धुता धुता त्यांची नजर शीतलकाकूंकडं गेली.

"काकू, खिडकीकडं बघा बरं. वर बघा."

त्यांनी खालची पापणी बोटानं ओढली. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग हळदीसारखा झाला होता.

"कावीळ आहे ही. कधीपासून?"

"असेल महिना, दीड महिना."

"आणि कुणाला दाखवलं नाही?"

"घरात कुणी विचारलं नाही," शीतलकाकू म्हणाल्या.

खरं तर त्यांनी हट्टच धरला होता. यांनी एकदा विचारावं, मग जाऊ डॉक्टरकडं. लेक बंगळूरला, तिला फोनवर काय दिसणार. शेजारीण दोनदा म्हणाली होती, पण शेजारणीनं विचारून त्यांना नको होतं.

"मला तर रोज छान दिसते," महेंद्रराव म्हणाले.

डॉक्टरांनी लगेच रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. शीतलकाकूंनी तो कागद घेतला नाही.

"मॅडम, आधी यांना मी दिसेन असं काहीतरी करा."

"काकू, तुमच्या-माझ्या डोळ्यातसुद्धा एक अंधबिंदू असतो. डोळ्याची शीर जिथून बाहेर पडते तिथला. तिथं आपल्याला काहीच दिसत नाही. पण मेंदू आजूबाजूचं बघून ते भोक बुजवतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. पूरकपट तेच करतो, फक्त जरा मोठं भोक बुजवतो."

"म्हणजे तुम्हालाही सगळं खरं दिसत नाही?"

"कुणालाच नाही."

"मग यांना नवीन शिकवा."

"शिकवता येईल, पण आणखी एकदाच. त्यानंतर पेशी टिकत नाहीत. जे शिकवू ते कायमचं. म्हणून म्हणते, आधी बऱ्या व्हा, मग बसा."

"बरी झाल्यावर मला बघून काय करायचंय?"

महेंद्रराव मांडीवरच्या टोपीशी चाळा करत बसले होते. ते खाली बघतच बोलले.

"कडेनं दिसायचं मला."

"काय?"

"कडेची नजर माझी शाबूतच आहे ना. तू बाजूनं गेलीस की वाळलेली दिसायचीस, पिवळी दिसायचीस. मग मी घाबरून सरळ बघायचो. सरळ बघितलं की छान दिसायचीस. मग म्हटलं, हेच खरं असेल."

शीतलकाकूंना रडू आलं नाही. वाईट फार वाटलं, पण त्याहून जास्त थकल्यासारखं झालं. इतके दिवस त्या, ज्याला दिसत नाही अशा माणसावर रुसल्या होत्या, आणि त्याला दिसत होतं.

"बसवा हिला, मॅडम," महेंद्रराव म्हणाले. "डोळा माझा आहे. मी सांगतो."

बैठकीच्या खोलीत तंत्रज्ञानं रिवाजाप्रमाणं कंगवा आणि आरसा पुढं केला. शीतलकाकूंनी ते बाजूला ठेवले. "काकू, जरा हसा," तो सवयीनं म्हणून गेला. त्या हसल्या नाहीत. होत्या तशा बसून राहिल्या, विस्कटलेल्या केसांनी, पिवळ्या डोळ्यांनी.

महेंद्ररावांनी सरळ पाहिलं. त्यांचा हात चाचपडत पुढं आला.

"अगं, किती वाळलीस."

शीतलकाकू ज्यासाठी अडून बसल्या होत्या ते वाक्य हेच होतं. मग मात्र त्यांना रडू आलं.

पुढचं सोपं होतं. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता, तो दुर्बिणीतून काढला. दिवाळीपर्यंत डोळे पांढरे झाले, अंग भरलं, शेजारीण म्हणाली, "काकू, वय कमी झालं की तुमचं." शीतलकाकू एकट्या भाजी आणायला जायला लागल्या, जिना न थांबता चढायला लागल्या.

महेंद्रराव मात्र रोज सकाळी त्यांच्याकडं बघून हबकतात. "उठू नकोस, चहा मी करतो." या वयात ते मऊ भात करायला शिकले. दुपारी बायकोचे पाय चेपतात. मी बरी झाले असं त्या म्हणाल्या तरी पटत नाही, तू आधीही काही बोलली नव्हतीस म्हणतात. आणि कडेनं बघणं त्यांनी सोडूनच दिलंय. आता समोर दिसतं तेच खरं, अशी त्यांची खात्री झाली आहे.

अहो, जरा मान वळवा, कडेनं बघा, एवढंच सांगायचं होतं. हे वाक्य शीतलकाकूंच्या ओठावर कितीदा तरी आलं.

आज सकाळीही महेंद्रराव जपून चहाचा कप घेऊन आले. "आज कसं वाटतंय?"

"थकवा जात नाही हो," शीतलकाकू म्हणाल्या, आणि खुर्ची जराशी सरकवून बरोबर त्यांच्या समोर बसल्या.