निजलेलं लेकरू

तेतुआन शहरातल्या दवाखान्यात यामना सोनोग्राफीला निघाली, तेव्हा नणंद हबीबा बरोबर होतीच. एरवी घरात पाण्याचा पेला द्यायला उठायची नाही, पण दवाखाना म्हटला की सगळ्यात पुढे! उजवा स्तन काढल्यापासून यामना कॅन्सर परत येऊ नये म्हणून रोज गोळी घ्यायची. त्या गोळीने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं कधीकधी, ते बघायचं होतं.

खोलीत मिणमिणता उजेड, पोटावर थंडगार जेल. डॉक्टर सल्वा पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"लल्ला यामना," मोठ्या बाईला मानाने हाक मारतात तशी तिने मारली, "अस्तर फार वाढलंय. खरवडून तपासायला पाठवायला हवं."

यामनाला कॅन्सरची भीती होतीच, पण खरी भीती वेगळी. तिला दिवस गेलेले असताना नवरा स्पेनला जाणाऱ्या होडीतून बुडाला, आणि वाढतं पोट वाढायचं थांबलं. सुईण म्हणाली, धक्क्याने लेकरू आत निजलंय, उठेल तेव्हा उठेल. त्यांच्या डोंगरात लेकरं अशी निजतात, त्यात कुणाला नवल नाही. यामनाचे केस पिकले, तरी ती वाट बघतच होती.

"खरवडलं तर... त्याला लागेल ना?"

डॉक्टर हसली नाही. तीही त्याच डोंगरातली. आत कुणी नाही, नुसतं अस्तर आहे, असं तिने हळूच सांगितलं.

यामना उठून निघालीच होती. हबीबाने तिचा हात धरला. "तू मेलीस तर त्याला पाजणार कोण? कर सही."

हे मात्र यामनाला पटलं.

रिपोर्ट चांगला आला. कॅन्सर नव्हता, लेकरूही नव्हतं. हबीबा आनंदाने रडली, यामना दुःखाने. घरी आल्यावर हबीबाने पुदिन्याचा चहा केला.

"अगं, चहा सांडलास का? झगा भिजलाय."

पेल्याला यामनाने अजून हात लावला नव्हता. झगा उजवीकडे ओला होत होता, जिथे नुसती सपाट शिवण उरली होती तिथे. हबीबाने बोट लावलं. कोमट. वास दुधाचा.

यामनाने गुंड्या सोडल्या, मांडी घातली आणि लेकराएवढी जागा करून हात जवळ घेतले. तिच्या कुशीत काहीच नव्हतं. डाग वाढायचा थांबला. इतक्या वर्षांत हबीबाने तिला अशी निवांत बसलेली पाहिली नव्हती.

"हळू... ठसका लागेल," यामना म्हणाली.

हबीबा श्वास रोखून उभी होती. चुटुचुटु पिण्याचा आवाज तिलाही ऐकू येत होता.